डॉक्टरांशी न बोलता बरं होण्याची पुणेरी पद्धत

आजारी कुणीही पडतं हो, पण चांगला पेशंट होणं ही शिकायची गोष्ट आहे. आपण डॉक्टरांना काय होतंय ते सांगणार, ते ऐकणार, मग आपल्याला समजेल असं समजावून सांगणार, असं काही डोक्यात घेऊन निघाला असाल तर आधी ते काढून टाका, उगाच बीपी वाढेल.

अपॉइंटमेंट सहाची असेल तर सहालाच पोचा, म्हणजे साडेसातपर्यंत आपला आजार पाठ करायला निवांत वेळ मिळतो. आणि पाठ करावाच लागतो. अमेरिकेत १९८४ साली एक अभ्यास झाला होता, त्यात डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत पेशंटचं बोलणं तोडतात असं निघालं, पुढे २०१८ च्या अभ्यासात, ज्यांना मधेच तोडलं त्यांच्या वाट्याला साधारण ११ सेकंद आले, म्हणजे प्रगती चालू आहे. तेव्हा ११ सेकंदांत बसेल असाच आजार निवडावा. खोकला बसतो. "जेवल्यावर छातीत जळजळतं, जिना चढला की डावा हात पण भरून येतो आणि हे गेल्यापासून झोपच नाही" हे काही बसत नाही. जळजळ सांगा, अ‍ॅसिडिटीची गोळी घ्या, हात राहू द्या.

अगदीच मोकळं व्हायचं असेल तर वेटिंगमध्ये शेजारी बसलेल्या काकू आहेत की. त्या सगळं ऐकून घेतात आणि वर "हात कधीपासून भरून येतो हो?" असं विचारतात पण.

वय सत्तरच्या पुढे असेल तर एकटं जाऊ नये, मुलाला न्यावं. आत गेल्यावर खुर्चीत गप्प बसायचं. तुम्ही तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं असेल, अजून वर्तमानपत्राचं शब्दकोडं पेनाने सोडवत असाल, तरी डॉक्टर मुलाकडे बघून विचारणार, "ह्यांना भूक लागते का?" आणि मुलगा, ज्याने तुम्हाला जेवताना शेवटचं गणपतीत बघितलंय, तो ठामपणे सांगणार, "हो, तशी चांगली आहे." मधे बोलू नका, भूक तुमची असली तरी विषय त्यांचा आहे. रिपोर्ट गंभीर आला तर दोघं बाहेर कॉरिडॉरमध्ये जातील आणि येताना हसत येतील, तुम्हीही हसा. मग घरी सून, नातवंडं, तुम्ही, सगळ्यांनी मिळून काही झालंच नाहीये हे नाटक चालवायचं, पुण्याला नाटकाचं काय कौतुक सांगायचं!

(ससूनच्या ओपीडीतल्या रेसिडेंट पोरांना मी ह्यात धरत नाही बरं का, ती रांग एकदा बघा, ते पोर उभं आहे हेच खूप आहे. मी बोलतोय ते एसी केबिन आणि चार आकडी फीबद्दल.)

आपल्या बाजूनेही सहकार्य हवंच. "गोळ्या वेळेवर घेता ना?" ह्याला एकच उत्तर, "हो." दिवाळीपासून बंद केल्यात, वहिनींनी दिलेला काढा चालू आहे, असलं सांगून त्यांचा मूड घालवू नये. शुगर कमी येत नाही म्हणून ते डोस वाढवतील, तुम्ही तोही घेऊ नका, फिट्टंफाट. आणि ज्या गोष्टीसाठी खरंतर आलात ती उठून दाराशी गेल्यावरच काढायची, "जाता जाता एक विचारू का, शौचाला रक्त जातंय, ते काही नसतं ना?" तोपर्यंत पुढचा नंबर आत आलेला असतो.

ऑपरेशन ठरलं तर इंग्रजी फॉर्म येईल, पेन्सिलीने फुल्या मारलेल्या असतील तिथे सह्या करा, वाचत बसलात तर सिस्टरना राग येतो. पेशंटच्या हक्कांची सनद दवाखान्यात लावायची असा राज्याचा २०२१ चा नियम आहे आणि ती लावलेली असतेच, वॉटर कूलरच्या मागे. औषधांची नावं वाचता येतील अशी, शक्यतो कॅपिटलमध्ये लिहावीत हाही नियम आहे, पण तसं केलं तर मेडिकलवाल्या दादांना काय काम उरणार? सकाळी कुठली, जेवणाआधी की नंतर, हे तेच पाकिटावर रेघा मारून सांगतात. त्यांनाच विचारा, कन्सल्टिंग फुकट आहे.

डॉक्टर मंडळींनी मनाला लावून घेऊ नये. २०१९ पासून एमबीबीएसला पेशंटशी कसं बोलावं हे अभ्यासक्रमातच आहे, तुम्ही त्याआधी पास झालात ह्यात तुमचा काय दोष, आणि नंतरचे असाल तर परीक्षा होऊन गेलीये.

घरी आलात की रिव्ह्यू टाका. डॉक्टरांनी मान वर करून बघितलं नाही, काय झालंय ते शेवटपर्यंत कळलं नाही, हे सगळं लिहीत बसू नका, कोण वाचतंय? एक स्टार द्या आणि लिहा, "पार्किंगची सोय नाही."