‘एक वाचलं की सगळी वाचली’ : दलित आत्मकथनांवरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया चिडून लिहिलेली आहे. पण पुस्तकं हातात घेऊन मग चिडणारा वाचक आता दुर्मीळ झालाय, म्हणून सवडीने उत्तर देते.

ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात: मागच्या लेखात मी ‘बलुतं’ (दया पवार), ‘अक्करमाशी’ (शरणकुमार लिंबाळे), ‘उचल्या’ (लक्ष्मण गायकवाड), ‘जिणं आमुचं’ (बेबी कांबळे) आणि ‘आयदान’ (उर्मिला पवार) ही पाच आत्मकथनं वाचायला सुचवली होती. त्यांपैकी दोन तुम्ही पुरी वाचलीत, तिसरं चाळीस पानांवर सोडलंत. आक्षेप चार. सगळीकडे तेच: भूक, मार, शाळा, आंबेडकर, नोकरी. भाषा मुद्दाम अवघड केलेली. पाचव्या वर्षीचं संभाषण शब्दशः कुणाला आठवतं, तेव्हा याला सरळ कादंबरी म्हणा. आणि आईबापाची लक्तरं वेशीवर टांगायचा हक्क कुणी दिला? शेवटी एक टोमणा: ‘आता पुढचं कुठलं वाचू, तेही तुम्हीच सांगा.’

टोमण्याचं उत्तर शेवटी देईन. आधी ‘तेच ते’.

तुमच्या यादीतली ‘शाळा’च घेऊ. ‘अक्करमाशी’त शाळा म्हणजे हजेरीपटावरचा बापाच्या नावाचा रकाना. आई महार, बाप पाटील, लग्न नाही. मुख्याध्यापक पाटलाचं नाव लावतात आणि त्यावरून वाद उभा राहतो. पुढे प्रत्येक फॉर्मवर तो रकाना परत येतो. ‘उचल्या’त शाळेला विरोध आतून आहे. पोराला शाळेत घातलं म्हणून वस्तीतली मुलं आजारी पडली, असा बोल जमातीतलेच लोक लावतात. ‘आयदान’मध्ये शाळा ही आईच्या बोटांवर चालते. बांबूच्या सुपं-टोपल्या विणून विकायच्या आणि पोरांना शिकवायचं. आयदान म्हणजे याच बांबूच्या वस्तू. एका शाळेत नाव अडतं, दुसरीत जमात अडवते, तिसरीत पैसा. ही तीन दुःखं एकसारखी वाटतात याचं कारण पुस्तकांत नाही. आपण ‘दुःख’ हा एकच खण घेऊन बसतो आणि सगळं त्यातच टाकतो.

भुकेचंही तसंच. ‘अक्करमाशी’तली आजी, संतामाय, शेणातले न पचलेले जोंधळे वेचते, धुते, वाळवते, दळते. त्या पिठाची भाकरी स्वतः खाते आणि मागून आणलेली भाकरी नातवाला देते. बेबी कांबळेंच्या पुस्तकात भूक बाळंतिणीची आहे: अंगावर पिणारं मूल आणि घरात शिजवायला काही नाही. पहिली भूक सोसायची एक पद्धत आहे, तिला कृती आहे, टप्पे आहेत. दुसरीत करण्यासारखं काहीच उरलेलं नाही. लिहिणाऱ्याने एवढं बारीक टिपावं आणि आपण मात्र ‘पुन्हा भूक’ म्हणून पान उलटावं, हे काही बरं नाही.

ही पुस्तकं माझ्या मते नावावर उभी आहेत. कोण कुणाला काय म्हणून हाक मारतो, ती हाक कोण स्वीकारतो, कोण टाकून देतो. घर, हालअपेष्टा आणि स्वतःची ओळख या तिन्ही गोष्टी नावापाशी एकत्र येतात. पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने एक यादी करत जा: निवेदकाला मिळालेली प्रत्येक हाक, हाक मारणारा आणि पान क्रमांक. यादी पंधरा-वीस ओळींवर गेली की पुस्तकाची रचना आपोआप दिसायला लागते.

‘बलुतं’मध्ये (1978) ही यादी पहिल्याच पानांत सुरू होते. दया पवार नावाचा शिकलेला, शहरातला माणूस दगडू मारुती पवारची कहाणी ऐकतो आहे. माणूस एकच, नावं दोन. सांगणाऱ्याला आपलं गाव लपवता येत नाही आणि ऐकणाऱ्याला ते उघड करता येत नाही. पुस्तकातली सगळी ओढाताण या मांडणीत आहे. दगडू या नावाबद्दल एक सावधगिरी मात्र हवी. मुलं जगत नसली की दृष्ट लागू नये म्हणून दगडू, धोंडू अशी नावं ठेवण्याची चाल बऱ्याच जातींत होती. दुसरीकडे शूद्राचं नाव जुगुप्सित, म्हणजे किळस यावी असं असावं, हे मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातच लिहिलेलं आहे. या दोन गोष्टींची गल्लत केली की एक तर सगळा कावा वाटतो, नाहीतर सगळी भाबडी श्रद्धा.

‘अक्करमाशी’चं (1984) शीर्षकच हिशेबाचं आहे. मासा हे वजनाचं जुनं माप; तोळ्याचे मासे बारा. अकरा मासे म्हणजे एक कमी, तोळ्यात न बसणारं. लग्नाबाहेरच्या संततीला हा शब्द त्यावरून आला असं सांगतात. लिंबाळ्यांनी ती शिवी मुखपृष्ठावर छापली. शिवी आपण होऊन नाव म्हणून लावली की ती देणाऱ्याच्या हातात फारसं काही राहत नाही. तुम्ही नेमकं हेच पुस्तक चाळिसाव्या पानावर सोडलंत. पुढे जाताना नात्यांचा एक तक्ता काढा, कागदावर, रेघा मारून. आजीसोबत राहणारा दादा मुसलमान आहे, भावंडांचे बाप वेगवेगळे आहेत. तक्ता नसेल तर पन्नासाव्या पानाच्या आसपास वाचक हमखास हरवतो आणि दोष भाषेला देतो.

‘उचल्या’ (1987) हे नाव तर जमातीला बाहेरच्यांनी दिलेलं. त्याच्यामागे 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा आहे: जन्मतःच गुन्हेगार, पोलिसांकडे हजेरी, परगावी जायला परवाना. या जमाती त्या यादीतून सुटल्या त्या 31 ऑगस्ट 1952 ला, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. ‘विमुक्त’ हा शब्द तिथला. महारवाड्याच्या पुस्तकांचे आडाखे इथे लावू नका. महाराला गावात हीन का होईना, ठरलेली जागा आणि वतन होतं. उचल्या, कैकाडी यांना गावच नव्हतं. तिथे गावाने जखडून ठेवलं, इथे गावाने टिकू दिलं नाही.

आणि किशोर शांताबाई काळे. मागच्या यादीत ‘कोल्हाट्याचं पोर’ (1994) राहून गेलं ही माझी चूक. तमाशात नाचणाऱ्या आईचा मुलगा डॉक्टर होतो आणि मधलं नाव आईचं लावतो. महाराष्ट्र सरकारने 1 मे 2024 पासून जन्मणाऱ्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम ठरवला. या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तीस वर्षं आधी आईचं नाव तिथे होतं, बापाचं मात्र नव्हतं. जाता जाता: ‘उपरा’ हे आत्मकथन लिहिणारे लक्ष्मण माने आणि शरणकुमार लिंबाळे या दोघांची नोंदलेली जन्मतारीख 1 जून आहे. योगायोगही असेल. पण तारीख ठाऊक नसलेल्या पोराला गुरुजी शाळेत काय लिहून टाकत, हे महाराष्ट्रात कुणाला वेगळं सांगायला नको.

आता भाषा. ‘मुद्दाम अवघड’ हे अजिबात मान्य नाही. शांताबाई कांबळेंच्या आत्मकथनाचं शीर्षक बघा: ‘माज्या जल्माची चित्तरकथा’. तीन शब्दांत तीन नियम आहेत. झ चा ज होतो, कारण महाप्राण, म्हणजे झ मधला ह-काराचा श्वास, सैल पडतो. जन्मातल्या न चा ल होतो. आणि त्र सारखं जोडाक्षर फुटतं: चित्र-चित्तर, पत्र-पत्तर, मंत्र-मंतर. यात आणखी दोन मिळवा. ण चा न (पानी, आन). शब्दाच्या सुरुवातीचा व हा इ-ए पुढे गळतो किंवा य होतो: विहीर-इहीर, वेळ-येळ. एवढ्या पाच नियमांवर देशावरच्या बोलीतलं बरंचसं सुटतं. पहिली वीस पानं मोठ्याने वाचा. डोळ्याला अडणारा शब्द कानाला ओळखीचा निघतो.

जे शब्द तरीही अडतात ते उच्चाराचे नसतात, व्यवस्थेचे असतात. तुम्ही ‘येसकर’ शब्दकोशात शोधलात आणि सापडला नाही, म्हणालात. व चा य करणारा नियम उलटा लावा: वेसकर, वेशीची राखण करणारा. तराळही गावकीच्या अशाच कामातला. सांगावा म्हणजे मयताची किंवा इतर बातमी परगावी पायी पोचवणं. पड म्हणजे मेलेलं जनावर, आणि चान्या म्हणजे त्याच्या मांसाच्या वाळवून ठेवलेल्या पट्ट्या. बलुतं म्हणजे वर्षभराच्या या राबणुकीबद्दल सुगीला मिळणारा धान्याचा वाटा. पण तो पदरात पडायचा ते मागून, वाकून, ‘जोहार मायबाप’ म्हणून. कनिष्ठ गावकामगारांची वतनं मुंबई राज्यात 1958 च्या कायद्याने गेली. दया पवारांचा जन्म 1935 चा. म्हणजे ही मोडती व्यवस्था पाहिलेली पिढी लिहीत होती. ‘जोहार’ जाऊन ‘जय भीम’ आलं, तेही याच पिढीच्या तोंडी. नावाच्या यादीत हा नमस्कारातला बदल जरूर टिपा.

तिसऱ्या आक्षेपात अर्धं तथ्य आहे. संभाषणं शब्दशः आठवत नाहीत, ती पुन्हा रचलेली असतात. पण हा संकेत आत्मचरित्र या प्रकाराचाच आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ 1934 ते 1937 मध्ये आली. त्यात त्यांचे पती नारायण वामन टिळक यांच्या 1895 च्या ख्रिस्ती धर्मांतराभोवतीचे प्रसंग बोलण्यासकट आहेत, मध्ये चाळीस वर्षं गेलेली. तिथे आपण पुरावा मागत नाही, मग इथेच का? पारखायचंच असेल तर संवाद सोडा आणि न हलणाऱ्या गोष्टी तपासा: कोण कुणाचं कोण, गाव ते शाळा अंतर, मजुरी, सण कुठल्या ऋतूत पडला. स्मृतीची गफलत तिथे उघडी पडते. ‘जिणं आमुचं’ला तर निराळीच कसोटी लावावी लागते. बेबीताईंचा जन्म 1929 चा, आणि त्या आपल्या आधीच्या पिढीचंही सांगतात. ती वाडवडिलांकडून ऐकलेली साक्ष आहे. म्हणून तिथे ‘मी’ बारीक आहे आणि ‘आम्ही’ ठसठशीत. शीर्षकातही आमुचं आहे, माझं नाही.

आणि कादंबरी म्हणायला काय हरकत, या तुमच्या प्रश्नाला ‘फकिरा’ (1959) हे उत्तर आहे. अण्णा भाऊंनी खऱ्या माणसावरून लिहिलं, पण कादंबरी लिहिली म्हणून त्यांना नायक उभा करता आला. उपाशी मांगवाड्यासाठी लुटायला निघणारा, ताठ. आत्मकथनाला ती सोय नाही. मी घाबरलो, मी जात लपवली, मला आईची लाज वाटली, हे त्याला पहिल्या पुरुषात लिहावं लागतं. त्याला कादंबरी म्हटलं की ती लाज पात्राची होते आणि वाचकाची अडचण मिटते.

चौथा आक्षेप मात्र खरा जड आहे, आणि तुम्ही एकटे नाही. ‘बलुतं’ आलं तेव्हा दलित समाजातूनही हाच सूर निघाला होता: आपली घाण चारचौघांत कशाला? मुलाने लिहिलेल्या आईबद्दल माझं समाधान झालेलं नाही. ‘अक्करमाशी’तली आई मसामाय काय किंवा किशोर काळेंची आई शांताबाई काय, त्यांना विचारून कुणी लिहिलं नाही. त्या आपल्याला दिसतात त्या दुखावलेल्या मुलाच्या डोळ्यांनी. नुसतं मुलग्यांचं वाचलं की आई एक तर देवी होते, नाहीतर गुन्हेगार. म्हणून स्त्रियांची आत्मकथनं शेजारी ठेवून वाचावी लागतात. उर्मिला पवारांनी ‘आयदान’मध्ये (2003) स्वतःच्या संसारातली कुरबुर लिहिली, नवऱ्याला बायकोचं पुढे जाणं कसं खुपलं तेही. बेबीताईंनी फलटणच्या आपल्या छोट्या दुकानात बसून, नवऱ्यापासून वर्षानुवर्षं लपवून लिहिलं. नवऱ्याच्या मारहाणीबद्दल त्या पुढे इंग्रजी अनुवादाच्या वेळच्या मुलाखतीत बोलल्या, पुस्तकात ते नाही. म्हणजे लक्तरं कुठली टांगायची आणि कुठली नाही, याची निवड ही माणसं करत होती. काय गाळलंय तेही वाचायला शिकावं लागतं.

एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करते. नंतरच्या काळात या प्रकाराचा साचा झाला. शेवटच्या प्रकरणात नोकरी, पुरस्कार, सत्कार, आणि आई केवळ त्यागाची मूर्ती, अशी पुस्तकं आहेत आणि ती कंटाळवाणी आहेत. ओळखायची खूण सोपी आहे. पहिल्या तीस पानांत घरातल्या वस्तूंची नावं, किमती, नातेवाइकांच्या खोडी आल्या नाहीत आणि ‘दारिद्र्याच्या खाईत’ असे शब्द आले, तर पुस्तक खुशाल मिटा.

पुढचं कुठलं? ‘आयदान’ घ्या. पाचांत तेच सर्वांत मोकळेपणाने वाचलं जातं, आणि रत्नागिरीकडची बोली देशावरच्या बोलीहून किती निराळी ते कळेल. त्यानंतर ‘जिणं आमुचं’. दोन्हींच्या मध्ये दुसरं काहीतरी वाचा. ही पुस्तकं ओळीने वाचली की बधिरपणा येतो, आणि ‘तेच ते’ वाटतं त्यातला निम्मा दोष या बधिरपणाचा असतो. मग ‘अक्करमाशी’ परत उघडा. एक्केचाळिसाव्या पानापासून नको, पहिल्यापासून, नात्यांचा तक्ता शेजारी ठेवून. तक्त्यात कुठे अडलात तर इथेच लिहा.