इमॅजिका ट्रिपवरच्या दोन स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

भाऊ नमस्कार. तुमचा रिव्ह्यू पूर्ण वाचला, तुम्ही वेळ काढून लिहिलं त्याबद्दल आभार. बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. भाऊंचं म्हणणं असं की आमच्या जळगाव ते खोपोली इमॅजिका (खोपोलीजवळचं राईडचं पार्क) ट्रिपमध्ये ऑटिझम म्हणजे स्वमग्नता असलेला एक मुलगा होता, त्याच्यापायी बस चांदवडला पाऊण तास थांबली, तो रात्री जोरजोरात ओरडला, पार्कात त्याला लाईन न लावता राईडवर सोडलं, बसमध्ये टीव्ही असून लावला नाही, आणि "पैसे सगळ्यांनी सारखे दिले मग एकासाठी बाकीच्यांनी का सोसायचं, असल्या मुलांना ग्रुप टूरमध्ये घेऊ नका, निदान आधी सांगा तरी". अर्धे पैसे परत पाहिजेत असंही लिहिलंय.

मुलाच्या आईबाबांना विचारूनच हे उत्तर लिहितोय. त्याचं नाव गाव इथे येणार नाही, तुम्हीही कमेंटमध्ये टाकू नका ही विनंती.

सगळ्यात आधी शेवटचा मुद्दा घेतो, कारण तोच महत्त्वाचा. असल्या मुलांना घेऊ नका. भाऊ, घेणार. आधीही घेत होतो, पुढेही घेणार, यात बदल होणार नाही. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार दिलेत आणि त्यात ऑटिझम आहे, 1995 च्या जुन्या कायद्यात फक्त सातच होते आणि हा नव्हता. नव्या कायद्यात करमणुकीसाठीसुद्धा वेगळं कलम आहे, 29 नंबरचं. पण खरं सांगू का, कायदा नसता तरी घेतलंच असतं. धुळे, नंदुरबार, भुसावळ, चोपडा इकडची कितीतरी घरं अशी आहेत की पोरगं आठ-दहा वर्षांचं झालं तरी लग्नाला नेत नाहीत, जत्रेला नेत नाहीत, का तर लोक बघतात. आई घरी थांबते आणि बाकीचे जाऊन येतात. असं घर आमच्याकडे येऊन विचारतं की "आमच्या पोराला जमेल का हो", तेव्हा नाही म्हणायला तोंड उघडत नाही माझं.

आधी का सांगितलं नाही, तर नाही सांगत आम्ही. प्रत्येक ट्रिपला कोणाला शुगर असते, कोणाचा गुडघा दुखतो, कोणाला घाटात उलटी होते. ते सगळं आमच्या टूर मॅनेजरला माहीत असतं, शेजारच्या सीटवाल्याला नसतं, आणि तुमच्या घरचं असतं तरी आम्ही तसंच वागलो असतो.

आता चांदवडचं. थांबा शेड्युलमध्ये होताच, वीस मिनिटांचा. चहा झाला, लोक चढायला लागले आणि तेवढ्यात बाजूला उभ्या ट्रकने बरोबर त्या पोराच्या खिडकीपाशी प्रेशर हॉर्न दाबला. आपण दचकतो आणि दोन शिव्या घालून विसरून जातो. ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांचं तसं नसतं, आवाज, उजेड, वास, अंगावरचा कपडा हे सगळं त्यांच्यापर्यंत आपल्यापेक्षा फार जोरात पोचतं, आणि ते सहन होण्यापलीकडे गेलं की मग जे होतं ते तुम्ही ऐकलं. तो हट्ट नव्हता भाऊ. हट्ट करणारं पोरगं मधेमधे बघतं, आई वितळली का, मोबाईल देते का. हा कोणाकडेच बघत नव्हता, दोन्ही कान दाबून सीटच्या खाली शिरला होता. अशा वेळी रागवून उपयोग नाही, समजावूनही नाही, उलट जितके लोक बोलतील तितकं वाढतं. उजेड कमी करायचा, माणसं कमी करायची, आणि वेळ द्यायचा, एवढंच हातात असतं. म्हणून आमच्या मॅनेजरने बसचे लाईट बंद केले आणि तुम्हा सगळ्यांना अजून थोडा वेळ खालीच थांबायची विनंती केली. त्याची आई बसच्या मधल्या वाटेत खाली बसली, घरून आणलेली जाड गोधडी त्याच्या अंगावर घट्ट लपेटून दोन्ही हातांनी खांदे दाबून धरले, आणि एक शब्द न बोलता बसून राहिली. अंगावर असा सगळीकडून सारखा दाब आला की काही मुलांना बरं वाटतं. तो शांत झाला, झोपला, मग बस निघाली.

त्या उशिराने पार्कातला वेळ गेला का? नाही. जळगाव ते खोपोली साधारण साडेचारशे किलोमीटर, मध्ये कसारा घाट, त्यामुळे आम्ही रात्री निघतानाच हाताशी वेळ ठेवतो. गेट उघडायच्या आधी आपण सगळे बाहेर उभे होतो, तुम्हीच टाकलेल्या फोटोत बंद गेट मागे दिसतंय.

टीव्हीचं म्हणाल तर बुकिंगच्या कागदावर पहिल्याच पानावर आहे, या बॅचला रात्री टीव्ही आणि गाणी लागणार नाहीत, हेडफोन घेऊन या. ट्रिप मंगळवारी होती, शाळा चालू असतानाच्या आठवड्यात, हेही मुद्दाम. दिवाळीच्या सुट्टीत नाहीतर मे महिन्यात तिथे जी गर्दी असते त्यात हे पोरगं तर सोडाच, म्हाताऱ्या माणसांचेही हाल होतात. तुमच्या घरच्यांनी नायट्रो या मोठ्या रोलर कोस्टरवर लागोपाठ फेऱ्या मारल्या ना, त्या मंगळवार होता म्हणूनच.

आता लाईनचा मुद्दा. राग येणं मी समजू शकतो, कारण लांबून तसंच दिसतं. पण झालं काय ते ऐका. मोठ्या राईडसाठी मुलाच्या आईबाबांनी एक्सप्रेस तिकीट, म्हणजे जादा पैसे भरून वेगळ्या छोट्या लाईनीचं तिकीट, काढलं होतं, स्वतःच्या पैशाने, ते कोणालाही काढता येतं. आणि मॅजिक कॅरोसेल या गोल फिरणाऱ्या राईडला त्याचे बाबा पूर्ण वेळ लाईनीत उभे होते, मायलेक बाहेर झाडाखाली. नंबर जवळ आल्यावर बाबांनी फोन केला, हे दोघं आले, बाबा बाहेर पडले. म्हणजे लाईन लागलीच होती, फक्त मुलाच्या जागी बाप उभा होता. अमेरिकेत फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डमध्ये तर 2013 पासून यासाठी रीतसर सोय आहे, राईडला जेवढी लाईन असेल त्या हिशोबाने पुढची वेळ देतात, तेवढा वेळ मूल बाहेर थांबतं आणि मग येतं. फुकटात पुढे घुसणं तिथेही नाही आणि इथेही झालं नाही. लोखंडी कठड्यांच्या मध्ये, मागून पुढून अंग घासणाऱ्या माणसांत अर्धा तास उभं राहणं हेच या मुलांना जमत नाही, राईड जमते.

आता थोडं लांबण लागेल पण लिहितोच, कारण हा रिव्ह्यू अशा मुलांचे आईबाबा पण वाचून राहिले आणि दोघांनी फोन करून "मग आम्ही येऊ नको का" असं विचारलं.

या घराने तयारी किती केली होती ते बघा. निघायच्या बऱ्याच आधी बाबांनी फोटोंची वही बनवली. पहिल्या पानावर आमची बस, मग रात्रीची सीट, चांदवडचा ढाबा, पार्कचं गेट, राईड, जेवण, परत बस, आपलं घर. रोज रात्री ती वही उलटायची, म्हणजे पुढे काय होणार ते पोराला पाठ. पार्कात मनगटाला पट्टी बांधावी लागली तर, म्हणून आईने घरी कागदाची पट्टी बांधून सवय केली, त्याला मनगटावर काही सहन होत नाही. कानाला लावायला दाल मिलमध्ये कामगार लावतात तसले ईअरमफ आणले, नेमके चांदवडला झोपेत ते निघाले होते. कोणत्या राईडवर जायचं नाही हे आधीच ठरलेलं, सलीमगड नाही कारण अंधार आणि अचानक अंगावर येणारे आवाज, डीप स्पेस नाही कारण पूर्ण अंधारातला रोलर कोस्टर. नायट्रोचा विषयच नाही. कॅरोसेल मात्र पाहिजे तितक्या वेळा, गोल फिरणं त्याला आवडतं, आणि पुन्हा पुन्हा तेच करायचं म्हटलं तर बिचारे आईबाप चौथ्यांदाही हसत लाईनीत लागतात. बाकीचे लोक म्हणतात एवढे पैसे भरून एकाच राईडवर इतक्या फेऱ्या? त्या पोरासाठी तेच पैसे वसूल.

एक गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही ती म्हणजे बाथरूममधलं हात वाळवायचं मशीन. हात खाली नेला की घुर्रर्र करून सुरू होतं, आणि एकदा घाबरलं की पोरगं दिवसभर बाथरूमला जायला तयार होत नाही. म्हणून बाबा आधी एकटे आत जाऊन बघून यायचे, मशीन कुठे आहे, कोणी वापरतंय का, मग त्याला न्यायचे. खाण्याचंही तसंच, तो ठरलेल्या चारच गोष्टी खातो, त्यातले बिनमसाल्याचे केळीचे वेफर बसमध्ये ठेवले होते आणि दुपारी गेटबाहेर येऊन खाऊ घातले.

आणि पाणी. हे प्रत्येक आईबापाने वाचावं. ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांना पाण्याची फार ओढ असते, आणि हात सुटून निघून जायची सवयही असते, दोन्ही एकत्र आलं की जिवावर बेतू शकतं. म्हणून वॉटर पार्क असेल तर एक मोठा माणूस हाताच्या अंतरावर पाहिजेच, फोनवर बोलत नाही, फोटो काढत नाही, फक्त पोराकडे बघतोय असा. खिशात फोन नंबरची चिठ्ठी, अंगात लांबून दिसेल असा टीशर्ट, त्या दिवशीचा सकाळचा फोटो मोबाईलमध्ये. युडीआयडी कार्ड म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्र असेल तर बरोबर ठेवा, आणि काय सवलत, काय सोय मिळते ते पार्कला आधीच मेल करून लेखी विचारून घ्या, गेटवर वाद घालत बसू नका. आणि पूर्ण दिवस झालाच पाहिजे असा अट्टहास नको. दोन तासात पोरगं थकलं तर बाहेर या, आमची बस पार्किंगमध्येच असते, एसी चालू करून देतो, सीट आडवी करून झोपू द्या.

फोन करणाऱ्या त्या दोघांनाही हेच सांगितलं, या. फक्त फॉर्म खरा भरा. आवाजाचा त्रास आहे का, काय खातो, काय झालं की बिघडतं आणि काय केलं की सावरतं, हे लपवू नका, कारण चांदवडला आमच्या मॅनेजरला काय करायचं ते कळलं ते फॉर्मवर लिहिलं होतं म्हणूनच.

भाऊ, पैशांचं. तिकीट, दोन वेळचं जेवण, नाश्ता, जाणं येणं, कबूल केलेलं सगळं मिळालंय, त्यामुळे अर्धे पैसे परत होणार नाहीत. तुमची रात्रीची झोप मोडली, तुमच्या आईंना खाली थंडीत उभं राहावं लागलं, त्याचं मला वाईट वाटतं आणि त्यांना तसं सांगा. पुढच्या वेळी टीव्हीवाली, कमी थांब्यांची बस पाहिजे असेल तर आमची शनिवारची बॅच असते, रेट तोच, गर्दी जास्त. त्या बसमध्ये कोण कोण असेल ते मात्र आम्ही तेव्हाही सांगणार नाही, आणि कोणाला नाहीही म्हणणार नाही.