हल्लासानची फुलं शिखरावर नाहीत

‘एप्रिलमध्ये जेजूला जा, हल्लासानच्या शिखरावर गुलाबी फुलांचा गालिचा पाहा’ हे एका लेखातलं वाक्य वाचून कुणी दक्षिण कोरियाच्या या बेटाचं तिकीट काढलं, तर पंचाईत होईल. हल्लासान हा तिथला डोंगर. एप्रिलमध्ये फुललेली असते ती किनाऱ्यालगतची पिवळ्या फुलांची युछे, आपल्या मोहरीच्या कुळातली. डोंगरावर दर शंभर मीटरला तापमान साधारण अर्ध्या अंशाने उतरतं, त्यामुळे १६०० मीटरच्या पुढे अझेलिया हे गडद गुलाबी फुलांचं झुडूप फुलतं तो मे अखेर ते जूनचा पहिला आठवडा. त्यानंतर लवकरच पावसाळा.

दुसरं म्हणजे जागा. हा गालिचा १९४७ मीटरच्या शिखरावर नाही, तर विट्से ओरुम या छोट्या ज्वालामुखी टेकडीच्या अलीकडच्या सोन्जाकजीवात पठारावर आहे. तिथे योंगसिल (३.७ किमी) किंवा ओरिमोकच्या (४.७ किमी) वाटेने जायचं. या वाटा शिखरापर्यंत जात नाहीत. शिखरासाठी सोंगपानाक किंवा ग्वानुमसाची वाट, आणि त्यासाठी आधी ऑनलाइन नोंदणी. लोक नेमकं इथेच फसतात: शिखराचं आरक्षण करून बसतात आणि फुलं डोंगराच्या दुसऱ्या अंगाला! योंगसिलने चढा, ओरिमोकने उतरा. योंगसिलच्या पायऱ्या उभ्या आहेत, उतरताना गुडघे बोलतात. २४० नंबरच्या बसने गेलात तर योंगसिलच्या थांब्यापासून वाटेच्या तोंडापर्यंत सुमारे अडीच किलोमीटर डांबरी चढ आहे, तो वेळेत धरा. दुपारनंतर वर सोडत नाहीत. पाणी आणि खाणं खालूनच न्या, वरच्या निवाऱ्यात काही विकत मिळत नाही. आणि धुकं आडवं आलं तर म्हणून एक जादा दिवस हाताशी ठेवा.