महिला दिनाचा फ्लेक्स कसा करावा

फ्लेक्स पुण्यात लावायचा आहे, तेव्हा तो मोठा असावा हे सांगायला नको. रंग गुलाबी. यावर चर्चा नाही.

चेहरा कुणाचा लावायचा ते त्या बाईला विचारू नये, सरप्राइज राहत नाही. आमच्या बावधनच्या सोसायटीत परवा हे झकास जमलं. भाजी घेऊन येते तर गेटवर अष्टभुजा देवी उभी आणि तिच्या मानेवर माझं डोकं! भाचीच्या लग्नातला डीपी कापून चिकटवलेला. कानामागे विहीणबाईंचा खांदा अजून दिसतोय.

हातांचं वाटप मात्र विचारपूर्वक करावं. एकात लाटणं, एकात लॅपटॉप, एकात बाळ, एकात झाडू, मग इस्त्री, पूजेचं ताट, औषधाची बाटली (सासूबाईंची असणार) आणि आठव्यात मोबाइल, म्हणजे डबा विसरून गेलेल्यांचा फोन घेता येतो. अहो, देवीच्या हातात शस्त्रं असतात! महिषासुराला मारायला दिलेली. ती काढून घेऊन तुम्ही तिच्या हातात घरकाम दिलंत आणि वर त्याला शक्ती म्हणता? बरं, त्या घरात पुरुषही राहत असेल ना? त्याचे दोन हात कुठायत? आहेत, खालच्या पट्टीत. जोडलेले. अकरा जण, गॉगल लावून, 'शुभेच्छुक'.

सावित्रीबाईंचा फोटो हवाच, पण लहान. १८४८ साली भिडे वाड्यातली शाळा एवढं लिहिलं की पुरे. त्यांच्यावर शेण टाकणारेही पुणेकरच होते, ते कशाला? जागा पुरत नाही.

नऊवारी, नथ, बुलेट. बुलेट ९ मार्चला चिरंजीवांना परत.

पाककृती स्पर्धा ठेवावीच. १९१७ साली याच दिवशी रशियातल्या पेट्रोग्राडच्या कापडगिरण्यांतल्या बायका भाकरीसाठी संप करून रस्त्यावर उतरल्या. आपणही भाकरीचा विषय सोडलेला नाही. यंदा नाचणीचे पदार्थ आहेत.

प्रमुख पाहुणे पुरुषच बोलवावेत. 'स्त्री म्हणजे त्याग' हा विषय त्यांना पाऊण तास पुरतो.

आणि कुणी तक्रार केलीच, तर आमच्या अध्यक्षांसारखं हसावं. "काकू, कौतुकच केलंय की तुमचं!"

कौतुक? एकोणतीस वर्षं बँकेत लोकांचे हिशोब तपासले मी. मागच्या सभेत टँकरचा हिशोब मागितला, तर "तुम्ही कशाला टेन्शन घेता" म्हणालात. कमिटीत बायकांच्या राखीव जागेवर सेक्रेटरींची बायको. ती बिचारी सभेला कधी दिसत नाही, सह्या मात्र होतात. तेव्हा नाही आठवली देवी? मला आठ हात नकोत. आहेत त्या दोनांतला उजवा खांदा धरलाय.

शिडी पंपाच्या खोलीत आहे. संध्याकाळच्या आत तो फ्लेक्स उतरवा, आणि टँकरची बिलं घेऊन वर या.