हार्ड सुरी आणि सिरॅमिक रॉड: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार, एवढी मोठी आणि मुद्देसूद कमेंट लिहिलीत त्याबद्दल आधी मनापासून थँक्यू. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नव्हतं म्हणून जरा सवडीने लिहितोय. बाकीच्यांना वर जाऊन शोधायला नको म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात परत मांडतो. तुम्ही म्हणताय की हार्ड स्टीलची धार वाकत नाही, तिचे टवके उडतात, मग धार नीट करायच्या रॉडने सरळ करायचं ते काय, त्यामुळे हार्ड सुरीला सिरॅमिक रॉड लावा हा माझा सल्लाच मुळात चुकीचा आहे. दुसरं, पावडर स्टीलमधले (म्हणजे धातूच्या पावडरीपासून केलेल्या स्टीलमधले) कार्बाइड, म्हणजे आतले अतिशय कडक कण, सिरॅमिकपेक्षा कडक असतात त्यामुळे तिथे रॉड नुसता घसरतो. तिसरं, रॉड मारून मारून धारेमागचं पातं जाड होत जातं आणि शेवटी धार लावायच्या दगडावर यावंच लागतं, मग पहिल्यापासून दगडच का नको. आणि शेवटी तुमचा स्वतःचा अनुभव, की नवीन सिरॅमिक रॉड घेतला, ६२ एचआरसीच्या (एचआरसी हे स्टीलच्या कडकपणाचं माप) ग्युतोवर, म्हणजे जपानी शेफ सुरीवर, वापरला आणि काही दिवसांत टोकाकडे बारीक टवके दिसायला लागले.

पहिल्या मुद्द्यातलं निम्मं मला एकदम मान्य आहे. जर्मन पद्धतीच्या सुऱ्या साधारण ५५ ते ५८ एचआरसीच्या असतात, स्टील मऊ आणि चिवट, त्यामुळे वापरताना धार एका बाजूला कलंडते आणि खाचांचा स्टीलचा रॉड ती परत उभी करतो. जपानी पद्धतीच्या सुऱ्या ६० च्या पुढे, व्हीजी-१० हे जपानी स्टील असेल तर ६०-६१, काही कार्बन स्टील आणि पावडर स्टील तर ६३-६४ पर्यंत, आणि तिथे धार कलंडण्यापेक्षा तुटण्याकडे जास्त जाते हे खरंच आहे. एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये 'सायन्स' या शोधपत्रिकेत एक पेपर छापला होता, त्यात त्यांनी दाढीच्या ब्लेडने केस कापतानाचे फोटो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली घेतले, आणि दिसलं असं की स्टीलपेक्षा ५० पट मऊ असलेल्या केसानेसुद्धा धारेचे टवके उडतात, अट एवढीच की केस तिरका यावा आणि त्या जागी स्टीलची रचना एकसारखी नसावी. म्हणजे धार जाण्यात टवक्यांचा वाटा मोठा असतो हे तुमचं म्हणणं बरोबर, वाद नाहीच.

पण त्यावरून तुम्ही जो निष्कर्ष काढलाय तो सिरॅमिक रॉडला लागू होत नाही, कारण तुम्ही सिरॅमिक रॉडला स्टीलच्या रॉडचंच काम दिलंय. सिरॅमिक रॉड म्हणजे भाजून घट्ट केलेला अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, आणि तो धातू काढतो. खरंच काढतो, थोडा काढतो पण काढतो. वापरल्यावर पांढऱ्या रॉडवर ज्या करड्या रेघा उमटतात ना, ते तुमच्या सुरीचं स्टील आहे. त्यामुळे त्याच्याकडे गोल आकाराचा एक बारीक दगड म्हणून बघा, म्हणजे तो कधी वापरायचा, किती जोराने वापरायचा, सगळं आपोआप जागेवर येतं. चांगल्या धारेचं टोक एका मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून बारीक असतं, माणसाचा केस ५० ते १०० मायक्रॉनचा. रोजच्या कापण्यात जे टवके उडतात ते बहुतेक डोळ्याला न दिसणारे, काही मायक्रॉनचे असतात, आणि तेवढी खराब झालेली किनार घासून काढून खालचं ताजं स्टील वर आणायला रॉडचे चार हलके हात पुरतात. इथे काहीच सरळ करायचं नाहीये. उलट हार्ड सुरीला सिरॅमिकच चालतो असं मी म्हणतो त्याचं कारणही हेच, की एकदा वाकून परत उभी केलेली किनार आतून थकलेली असते आणि लगेच परत पडते, ती ठेवण्यापेक्षा काढून टाकलेली बरी.

खाचांचा स्टीलचा रॉड मात्र हार्ड सुरीला अजिबात नको, यावर आपलं दोघांचं एकमत आहे. तो रॉड स्वतः साधारण सुरीइतकाच कडक, त्यामुळे घासत तर काही नाही, आणि खाचेच्या कडेवर सगळा जोर एका बिंदूवर येऊन धार अडकते. डायमंडचा रॉडही मी देणार नाही, बहुतेक फार खरबरीत असतात आणि इतक्या पातळ धारेचा करवत करून ठेवतात.

आता कार्बाइड. हा मुद्दा तुम्ही काढलात ते बरं झालं कारण यावर अर्धवट माहिती खूप फिरते. विकर्स हे कडकपणाचं दुसरं एक माप, त्यात बोलायचं तर ६२ एचआरसीचं स्टील सुमारे ७५०, अ‍ॅल्युमिना (म्हणजे रॉडचा तो अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड) २००० च्या आसपास, क्रोमियमचे कार्बाइड १५०० च्या थोडे वर, आणि व्हॅनेडियमचे कार्बाइड साधारण २६०० ते २८००. म्हणजे व्हॅनेडियम कार्बाइडला अ‍ॅल्युमिना कापू शकत नाही, हे अगदी खरं. पण सुरी म्हणजे काही कार्बाइडचा ठोकळा नसतो, स्टीलच्या पोटात विखुरलेले एक-दोन मायक्रॉनचे कण असतात ते, आजूबाजूचं स्टील घासलं गेलं की कण उघडे पडतात, काही निघून जातात, काही राहतात. एसजी-२ सारख्या पावडर स्टीलमध्ये व्हॅनेडियम २ टक्क्यांच्या आसपास असतं आणि तिथे सिरॅमिक रॉड व्यवस्थित काम करतो, थोडे जास्त हात लागतात इतकंच. ज्या स्टीलमध्ये व्हॅनेडियम खूप जास्त आहे तिथे मात्र मीही बारीक डायमंडच घ्या म्हणेन. पण तशी स्टील्स खिशातल्या चाकूंमध्ये जास्त दिसतात, किचनच्या सुऱ्यांमध्ये क्वचित.

आणि रॉड घसरतोय असं वाटायचं खरं कारण दहापैकी नऊ वेळा कार्बाइड नसतातच, रॉड भरलेला असतो! ते करडं स्टील रॉडच्या बारीक छिद्रांत जाऊन बसतं आणि मग सिरॅमिकच्या जागी तुम्ही स्टीलवर स्टील घासत असता. ओल्या मेलामाइन स्पंजने किंवा भांडी घासायच्या पावडरने रॉड फिरवत फिरवत घासा, परत पांढरा झाला की परत कापायला लागतो. गंज काढायचा रबरी इरेझरही छान काम करतो. तेल लावू नका. इतकी साधी गोष्ट आहे पण फार कमी लोक करतात, आणि रॉड चालत नाही म्हणून जोर वाढवतात, आणि मग तुमच्यासारखं होतं.

तर तुमच्या टवक्यांकडे येतो, कारण मला वाटतं खरा राग तिथलाच आहे आणि तो अगदी रास्त आहे, चांगल्या सुरीची धार डोळ्यासमोर जाताना बघणं वाईटच. रॉड गोल आहे आणि धार सरळ आहे, त्यामुळे दोघं एकमेकांना टेकतात ती जागा अगदी बारीक असते. दगडावर तुमचा जोर रुंद पट्ट्यावर पसरतो, रॉडवर तोच जोर एका ठिपक्यावर येतो. म्हणून दगडावर जो हात हलका वाटतो तो रॉडवर जड असतो. मी सांगतो तो जोर म्हणजे जेमतेम स्पर्श. रॉडचं टोक ओल्या फडक्यावर उभं टेकवा आणि मूठ बोटांत सैल धरा, जोर जास्त झाला की रॉड हलायला लागतो, तेच तुमचं मीटर. हवेत रॉड धरून सपासप सुरी फिरवायची ती पद्धत हार्ड सुरीसाठी विसरूनच जा, अँगलही हातात राहत नाही आणि जोरही.

अँगलचं म्हणाल तर तुमची सुरी एका बाजूने १५ अंशांवर घासलेली असेल तर रॉडवर १७-१८ धरा, म्हणजे किंचित जास्त उघडा. १५ च्या खाली गेलात तर रॉड धारेला लागतच नाही, धारेमागच्या खांद्यावर घासत राहतो, आवाज येतो, रेघा पडतात, पण धार तशीच, आणि मग माणूस काय करतो, जोर वाढवतो. अँगल फारच उघडला तर टोकाचं पातळ स्टील रॉडवर आपटतं. उभ्या रॉडशी सुरी काटकोनात धरा, त्याच्या निम्मं ४५, त्याच्या निम्मं साडेबावीस, त्याहून थोडं मिटवलं की आलात. आणि धारेला मार्करची शाई लावून बघा, दोन हात मारल्यावर शाई अगदी किनारीवरूनच गेली असेल तर बरोबर, खांद्यावरून गेली असेल तर अँगल कमी पडतोय. हे दोन मिनिटांचं काम आहे आणि त्याने जेवढं कळतं तेवढं कुठल्याही व्हिडिओने कळत नाही.

टवके टोकाकडेच का, हा प्रश्न तुम्हाला पडला होता. पात्याचा मुठीकडचा भाग सरळ असतो पण टोकाकडे धार वर वळते. मुठीकडून सुरुवात करून सुरी खाली ओढत आणलीत आणि मनगट तसंच ठेवलंत तर वळणाच्या जागी रॉडशी होणारा अँगल बदलतो, तिथे मूठ हळूहळू वर उचलावी लागते. त्यात भर म्हणजे हात मारताना वेग शेवटी वाढतो आणि टोक रॉडवरून सुटून खाली झटका घेतं. तो झटका, तो बदललेला अँगल, आणि सगळ्यात पातळ जागा, तिन्ही एकाच ठिकाणी. म्हणून टोक रॉडवरून खाली सुटू द्यायचं नाही, रॉडवर असतानाच थांबायचं आणि उचलून घ्यायचं. आणि सावकाश. एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक, असं आलटून पालटून दोन्हीकडे चार-पाच हात पुरे, शेवटचे दोन सगळ्यात हलके म्हणजे बर (घासताना किनारीवर उरणारा धातूचा बारीक काठ) राहत नाही. एका बाजूला सलग दहा मारले तर बर दुसरीकडे जाऊन बसते आणि ती कापताना तुटून परत धार खराब दिसते.

अजून एक गोष्ट तपासा, रॉड कधी पडला होता का? सिरॅमिक कडक आहे पण ठिसूळ, पडला की मोडतो किंवा कडेला बारीक कपची निघते जी दिसत नाही. कापसाचा बोळा रॉडवरून सगळीकडे फिरवा, कुठे तंतू अडकले तर तिथे कपची उडालेली आहे आणि तो रॉड आता हार्ड सुरीला लावायचा नाही.

तिसरा मुद्दा, जाडी. हे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. दर वेळी किंचित उघड्या अँगलवर घासलं की किनारीवर एक छोटा मायक्रोबेव्हल, म्हणजे धारेवरचा बारीकसा दुसरा उतार, तयार होतो, तो रुंद होत जातो, धार पात्याच्या जाड भागाकडे सरकत जाते आणि सुरी कापायला जड लागते. रॉड हे दुरुस्त करू शकत नाही, धारेमागचं स्टील पातळ करायचं काम दगडाचंच. पण म्हणून रॉड फेकून द्यायचा हे मला पटत नाही. दगड भिजवायचा, सपाट आहे का बघायचं, दोन-तीन ग्रिटवरून (म्हणजे कमी-जास्त खरबरीत दगडांवरून) जायचं, साफसफाई करायची, हे दर पंधरा दिवसांनी करणारे लोक थोडे, आणि जे करत नाहीत ते बोथट सुरी वापरत राहतात, जोर लावून कापतात आणि बोटं कापून घेतात. शिवाय दगडावर प्रत्येक वेळी रॉडपेक्षा कितीतरी जास्त स्टील जातं. मधल्या काळात रॉडने धार राखली तर दगडाची पाळी लांबते, सुरीचं आयुष्यही वाढतं. टोमॅटोची साल धार टेकवल्याबरोबर कापली जायची ती आता दाबल्याशिवाय जात नाही असं वाटलं की रॉड, आणि रॉड मारूनही फरक पडेना की दगड. मी तरी रोज मारायला कुठेच सांगितलेलं नाही. हार्ड सुरी रोज रॉड मागतच नाही, मागत असेल तर चॉपिंग बोर्ड बघा, काच, दगड किंवा चिनीमातीवर कापत असाल तर कुठलाच रॉड पुरणार नाही. आणि चिरलेलं बोर्डवरून सारताना धारेने खरवडू नका, सुरी उलटी करून पाठीने सारा, धार आडवी घासली की हार्ड स्टील सगळ्यात लवकर तुटतं.

तुमच्याकडे यानागिबा (मासे कापायची लांब जपानी सुरी) आहे असंही लिहिलंय, तिला रॉड लावू नका, कृपया. एकाच बाजूने बेव्हल, म्हणजे धारेचा उतार, असलेल्या सुऱ्यांची सपाट बाजू सपाटच राहायला हवी, त्या फक्त दगडावर. झिर्कोनियाच्या सिरॅमिक सुरीलाही हा रॉड चालत नाही, तिला डायमंडच लागतो.

आता तुमच्या ग्युतोचं. डोळ्याला दिसणारे टवके रॉडने काढायला जाऊ नका, तासभर घासत बसाल आणि टोकाचा आकार घालवाल. १००० ग्रिटच्या दगडावर टवके पूर्ण जाईपर्यंत दोन्ही बाजू सारख्या घासा, टवके खोल असतील तर आधी ४०० वर, मग ३००० वर संपवा आणि बर नीट काढा. त्यानंतर रॉड धुऊन, मार्कर लावून, सावकाश दोन हात मारा आणि शाई टोकाच्या वळणावर नक्की कुठून गेली ते इथे लिहा, फोटो टाकलात तर आणखी चांगलं, त्यावरून तुमचा अँगल तिथे उघडतोय की मिटतोय ते मला लगेच सांगता येईल.