एल-माउंट घ्यावं का? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या फोटोग्राफर मंडळींसाठी

तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात, आणि त्याआधीच्या महिन्या-दीड महिन्यात आपल्याकडे कॅमेरे बदलायच्या गप्पा रंगतात. एक प्रश्न सध्या बऱ्याच जणांच्या तोंडी आहे. एकच लेन्स तीन-चार कंपन्यांच्या बॉडीवर (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यावर) बसते, अशा एल-माउंटसारख्या सिस्टीममध्ये पैसे घालावेत का? माझं मत आधीच सांगतो. घालावेत, पण एकट्याने नाही. किमान तिघा-चौघांनी ठरवून.

अशा सामायिक जोडण्या (माउंट, म्हणजे लेन्स बॉडीवर बसते ते कडं) सध्या मुख्यतः दोन. पहिली मायक्रो फोर थर्ड्स, ऑलिंपस आणि पॅनासॉनिकने २००८ साली आणलेली. तिचा सेन्सर (फोटो टिपणारा भाग) लहान, १७.३ बाय १३ मि.मी. दुसरी एल-माउंट. मूळ जोडणी लायकाची, २०१४ पासूनची. सप्टेंबर २०१८ मध्ये लायका, पॅनासॉनिक आणि सिग्मा यांनी ती सामायिक केल्याचं जाहीर केलं. पुढे डीजेआय, ब्लॅकमॅजिक, सॅमयांग हेही त्यात आले. लग्नाच्या कामासाठी फुल फ्रेम, म्हणजे जुन्या फिल्मएवढा मोठा सेन्सर, हवा असेल तर विचार एल-माउंटचाच करायचा.

सामायिक जोडणीचा खरा फायदा कंपनी हात वर करते तेव्हा कळतो. सॅमसंगची एनएक्स, निकॉनची 'वन' सिरीज, कॅननची ईएफ-एम, या तिन्ही एकेका कंपनीच्या जोडण्या होत्या आणि तिन्ही बंद पडल्या. त्यातली कॅननची एम-५० घेतलेले कितीतरी जण आपल्या भागात आहेत. बॉडी अजून चालते, पण त्या लेन्सना पुढे नवी बॉडी नाही. उलट ऑलिंपसने २०२१ च्या सुरुवातीला कॅमेऱ्याचा धंदा दुसऱ्या कंपनीच्या हवाली केला, तरी मायक्रो फोर थर्ड्सवाल्यांच्या लेन्स पोरक्या झाल्या नाहीत, कारण शेजारी पॅनासॉनिकची बॉडी उभी होती. बॉडी चार-पाच वर्षांत जुनी होते, चांगली लेन्स पंधरा वर्षं काम देते. म्हणून पैसा लेन्समध्ये घालायचा, आणि लेन्सला दोन घरं असलेली बरी.

आता अडचणी. 'बसते' आणि 'चालते' यांत फरक आहे, आणि दुकानात हा फरक कोणी सांगत नाही. मायक्रो फोर थर्ड्समध्ये ऑलिंपसची स्टॅबिलायझर असलेली लेन्स पॅनासॉनिकच्या बॉडीवर लावली की बॉडी आणि लेन्स मिळून जो थरथराट मारतात ते जोडकाम होत नाही, दोघांपैकी एकच काम करतो. पॅनासॉनिकच्या १५ मि.मी. एफ/१.७ लेन्सवरची ॲपर्चरची (उजेड किती आत घ्यायचा त्याची) रिंग ऑलिंपसवर नुसती फिरते, आकडा बदलायचा तर बॉडीवरूनच. एल-माउंटमध्ये टेलिकन्व्हर्टर (लांबचं आणखी जवळ आणणारं जोडभिंग) ज्या कंपनीचा, त्याच कंपनीच्या ठरावीक लेन्सवर चालतो. सिग्माच्या डीसी खुणेच्या लेन्स लहान सेन्सरसाठी आहेत. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम बॉडीवर त्या लावल्या तर फोटो साधारण साडेदहा मेगापिक्सेलचाच मिळतो, आणि अल्बमच्या दोन पानांवर पसरायच्या फोटोला तो अपुरा पडतो.

सेकंडहँड बाजारात 'लायका एल' एवढंच लिहिलेलं असेल तर लेन्स उलटी करून बघा. आटे दिसले तर ती ३९ मि.मी. स्क्रूची जुनी लेन्स, तिचा या एल-माउंटशी काही संबंध नाही. खऱ्या एल-माउंटला पिळून बसणारी जोडणी असते, मागे दहा संपर्कबिंदू असतात आणि आतला व्यास ५१.६ मि.मी. असतो. आणि हो, जोडणी सामायिक असली तरी बॅटरी सामायिक नाही. पॅनासॉनिक एस५ मार्क २ ची वेगळी, सिग्मा एफपीची वेगळी, लायकाची वेगळी.

कपाटात कॅननच्या जुन्या डीएसएलआरच्या ईएफ लेन्स भरपूर आहेत, त्यांचं काय? सेन्सरपासून जोडणीचं अंतर ईएफचं ४४ मि.मी. आणि एलचं २० मि.मी. मधल्या २४ मि.मी.मध्ये ॲडॉप्टर बसतो, म्हणून हे जमतं. उलटं, म्हणजे एलची लेन्स जुन्या डीएसएलआरवर, कधीच जमणार नाही. सिग्माचा एमसी-२१ हा ॲडॉप्टर मिळतो, पण तो सिग्माच्या स्वतःच्या ईएफ लेन्ससाठी बनवलेला आहे. कॅननच्या लेन्स त्यावर चालल्या तरी हमी नाही, आणि सतत मागोवा घेणारा ऑटोफोकस त्यावर धरूच नका. अंतरपाटाआडचे स्थिर चेहरे मिळतील, वरातीत नाचणारे मिळणार नाहीत.

बॉडी निवडताना तारखा बघा. पॅनासॉनिकने फुल फ्रेममध्ये फेज डिटेक्शन फोकस (हलत्या माणसावर न चाचपडता टिकणारा ऑटोफोकस) आणला तो एस५ मार्क २ मध्ये, २०२३ साली. त्याआधीच्या एस१, एस५ या बॉड्या हाताला दणकट, रंग सुंदर, सेकंडहँड स्वस्तही मिळतात. पण नवरी बोहल्याकडे चालत येत असताना व्हिडिओत मागची पार्श्वभूमी श्वास घेतल्यासारखी आत-बाहेर होते. लग्नाच्या कामाला त्या घेऊ नका. सिग्माची एफपी खिशात मावते, पण तिला यांत्रिक शटरच नाही. मंडपातल्या एलईडी माळांखाली आणि एलईडी वॉलसमोर फोटोवर आडवे पट्टे येतात, आणि फ्लॅशही अगदी संथ शटरवरच जुळतो. ब्लॅकमॅजिकचा ६के कॅमेरा प्री-वेडिंगच्या गाण्याला देखणा, पण त्यात सतत फोकसही नाही आणि बॉडीतला स्टॅबिलायझरही नाही. लायकाच्या किमती बघता आपल्या दरात ते बसत नाही. म्हणजे यादी चार-पाच कंपन्यांची असली तरी लग्नाच्या कामाला आज प्रत्यक्षात एकाच कंपनीच्या बॉड्या उरतात. हे कटू आहे, पण पैसे मोजायच्या आधी कळलेलं बरं.

मग तरीही का घ्यावं? लेन्ससाठी. पॅनासॉनिकच्या १८, २४, ३५, ५० आणि ८५ मि.मी. या एफ/१.८ लेन्स जवळपास एकाच मापाच्या आहेत, वजन सगळ्यांचं साधारण ३०० ते ३५५ ग्रॅम, आणि पाचही लेन्सना फिल्टर ६७ मि.मी.चाच. एक एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) सगळीकडे फिरतो. गिंबलवर (कॅमेरा स्थिर ठेवणाऱ्या दांड्यावर) ३५ काढून ५० लावली तर तोल पुन्हा साधायला फारसा वेळ जात नाही. हळदीच्या अंगणात उन्हातून सावलीत पळताना ही सोय किती मोलाची आहे, हे काम करणाऱ्यालाच कळतं. शिवाय सिग्माच्या आर्ट लेन्स याच जोडणीत थेट मिळतात, ॲडॉप्टर लागत नाही.

पण आपल्या भागात कॅनन आणि सोनीचीच चलती आहे. ऐनवेळी लेन्स पडली, तर वडगाव किंवा शहापुरातल्या मित्राकडून दहा मिनिटांत दुसरी मागवता येते. एकट्याने एल-माउंट घेतलं की हा आधार गेला. कंपन्यांमध्ये जोडणी सामायिक असून काय उपयोग, ती शेजाऱ्याच्या बॅगेत असली पाहिजे. म्हणून म्हणतो, तिघा-चौघांनी एकदम जा, आणि त्यासाठी भिशी करा. चौघांनी महिन्याला पाच-पाच हजार घातले तर महिन्याला वीस हजार, वर्षाला दोन लाख चाळीस हजार. ज्याची पाळी त्याने लेन्स घ्यायची, जोडणी मात्र सगळ्यांची एकच.

इथे एक चूक हमखास होते. 'एकच २४-७० घेऊ आणि चौघं वापरू' असं ठरतं, आणि वैशाखातल्या एकाच तारखेला चौघांनाही लग्न असतं. एक खानापुरात, एक संकेश्वरात, दोघं बेळगावात. त्यामुळे रोज लागणारं सामायिक ठेवू नका. २४-७० एफ/२.८ आणि ५० किंवा ८५ पैकी एक प्रत्येकाची स्वतःची हवी. सामायिक ठेवायचं ते तासा-दोन तासांपुरतं लागणारं. उदाहरणार्थ, मंगळसूत्र आणि जोडव्यांसाठी सिग्माची १०५ मि.मी. मॅक्रो, शिवजयंतीच्या चित्ररथांसाठी ७०-२००, लहान कार्यालयात मोठं कुटुंब मावावं म्हणून १८. दागिन्यांचे फोटो मुहूर्ताआधी होतात, तिथून मॅक्रो दुसऱ्याकडे जाऊ शकते.

देताना वहीत सिरियल नंबर, तारीख आणि सही. परत घेताना तिघांदेखत तीन गोष्टी बघा. मोबाइलचा टॉर्च मागच्या काचेतून तिरपा मारून आत बुरशीचे, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे आहेत का, रिंग फिरवताना कुठे अडकते का, आणि बॉडीवर लावल्यावर एफचा आकडा उमटतो का. आकडा आला नाही तर घाबरू नका, बहुतेक वेळा संपर्कबिंदूंवर घामाचा नाहीतर हळदीचा थर असतो. कोरड्या मऊ कापडाने पुसा. खोडरबराने घासू नका, मुलामा जातो. फर्मवेअरही (बॉडी आणि लेन्समधलं सॉफ्टवेअर) चौघांनी एकाच दिवशी सारखं करून घ्या. नाहीतर एकाच्या बॉडीवर नीट चालणारी लेन्स दुसऱ्याकडे चाचपडते, आणि दोष लेन्सला लागतो.

जांबोटी, कणकुंबीकडे पावसात लेन्सची खरी परीक्षा असते. जून ते सप्टेंबर लेन्स कातडी किंवा कापडी बॅगेत ठेवाल तर बुरशी धरणारच. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर एवढं पुरे. काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये ठेवा. ६० च्या वर रेंगाळला की जेल बदला किंवा तापवून कोरडी करा. सामायिक लेन्स तर अशाच डब्यात, आणि तो डबा ज्याच्या घरी ओल नाही त्याच्याकडे.

बेळगाव, खानापूर, चिक्कोडी, निपाणी या पट्ट्यात ज्यांच्याकडे आधीच एल-माउंट आहे त्यांनी आपल्याकडच्या लेन्स आणि गाव कळवा. यादी करून सगळ्यांना देतो. कोणाकडे काय आहे ते आधी कळू दे, भिशीचं त्यानंतर बोलू.