‘सगळं तुझ्या मनात आहे’: कण्याच्या संधिवाताबद्दल फिरणाऱ्या एका दाव्याला उत्तर

‘कण्याचा संधिवात दाबलेल्या रागातून आणि चिंतेतून होतो. रिपोर्ट नॉर्मल येतात, कारण दुखणं मनात असतं. विचार बदला, औषधं आपोआप सुटतील.’ अशा आशयाचा मजकूर बरीच माणसं एकमेकांना पाठवतात, तेही बहुधा काळजीपोटी. रुग्णाचं त्याने किती नुकसान होतं, हे त्यांच्या लक्षात येत नसावं.

‘रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे आजार नाही.’ अँकायलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजेच या कण्याच्या संधिवातात, कंबरेखालच्या सेक्रोइलियाक सांध्यांत आधी सूज येते. एक्स-रेवर बदल उमटायला अनेकदा वर्षं जातात. त्याआधी ती सूज एमआरआयवर दिसू शकते. बऱ्याच रुग्णांचं सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी, हेही नॉर्मल असतं. दुखणं बहुतेकदा वयाच्या ४५ वर्षांच्या आत सुरू होतं, पडून राहिल्याने वाढतं, हालचालीने कमी होतं, उत्तररात्री झोप मोडतं आणि सकाळी पाठ अर्धा तास किंवा त्याहून जास्त आखडलेली असते. एवढं कुणी नीट विचारलं नाही, तर निदान वर्षानुवर्षं रखडतं. त्या काळात ‘तुला काही झालेलं नाही’ हे ऐकत राहणं हीच मनावरची मोठी जखम असते.

‘राग दाबल्याने होतो.’ याला पुरावा नाही. एचएलए-बी२७ या जनुकाशी असलेला आजाराचा संबंध १९७३ मध्येच समोर आला. ते जनुक असलेल्या बहुतेकांना हा आजार होत नाही, म्हणजे इतरही कारणं आहेत. पण म्हणून कारणाची रिकामी जागा रुग्णाच्या स्वभावाने भरायची नसते.

‘मन खचलेलं असतं, म्हणून पाठ दुखते.’ इथे मला जास्त बोलायचं आहे, कारण या वाक्यात अर्धं सत्य आहे. या रुग्णांमध्ये नैराश्य आणि चिंता इतरांपेक्षा जास्त आढळतात. ताणामुळे वेदना अधिक बोचते, हेही खरं. पण उलट दिशेचा प्रवास कुणी सांगत नाही. रोज पहाटे जाग येते, दिवसभर अंगातलं त्राण गेलेलं असतं, ऐन कामाच्या वयात काम निभेल की नाही याची धास्ती असते, आणि बाहेरून मात्र माणूस धडधाकट दिसतो. हे महिनोन् महिने चाललं तर कुणाचंही मन खचेल. शिवाय दाह निर्माण करणारी रसायनं मेंदूवरही परिणाम करतात. पूर्वी हिपॅटायटिस सी या यकृताच्या आजारावर इंटरफेरॉन-अल्फा हे अशाच प्रकारचं, प्रतिकारशक्तीला चेतवणारं रसायन औषध म्हणून द्यायचे, तेव्हा आधी कधीच नैराश्य नसलेल्या काही रुग्णांनाही उपचारादरम्यान ते आलं. याचा अर्थ सूज उतरली की मन आपोआप सावरतं असाही नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, नेहमीच्या उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी इन्फ्लिक्सिमॅब हे सूज उतरवणारं औषध देऊन पाहिलं. कण्याच्या संधिवातातही हे औषध वापरतात. एकूण गटाला फायदा झाला नाही; रक्ततपासणीत सूज जास्त दिसलेल्यांत मात्र सुधारणेचा कल दिसला. म्हणून मनाचे उपचार वेगळे आणि पुरेसे मिळायला हवेत.

ते मागावे लागतात, ही माझी खरी तक्रार. आजाराची तीव्रता मोजणाऱ्या बासडाई प्रश्नावलीत सहा प्रश्न आहेत. पहिलाच थकव्याचा आहे, ते योग्यच. पण मनःस्थितीबद्दल एकही नाही.

‘औषधं सुटतील.’ औषधं स्वतःहून बंद केली की दुखणं पुन्हा उसळू शकतं. कण्याची लवचिकता कायमची जाऊ शकते. डोळ्याच्या आत सूज येण्याचा धोकाही या आजारात असतो. डोळा लाल होऊन दुखू लागला, प्रकाश सहन होईना, तर तातडीने नेत्रतज्ज्ञ गाठावा. समुपदेशन, व्यायाम, ध्यान यांची मदत होते, ती औषधांच्या जोडीने.

पुढच्या तपासणीत पाठीबरोबर हेही सांगा: झोप किती लागते, आवडत्या गोष्टी नकोशा झाल्या आहेत का, रडू येतं का. डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका. जगणंच नको वाटत असेल, तर तपासणीच्या तारखेसाठी थांबू नका. त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा आणि डॉक्टरांकडे जा.